शाळेच्या ओट्यावरून : सातवीनंतरची वाट



फाल्गुन लागला की आपल्या नाशिक जिल्ह्यात एकाच वेळी दोन हंगाम सुरू होतात. एक शेतात आणि दुसरा शाळेत. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या पाट्या भरायची घाई, येवला-चांदवडकडे उन्हाळ कांद्याची काढणी, आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात पहाटे मोहाची फुले वेचायला निघालेली माणसे. त्याच दिवसांत शाळेत वर्षाचा शेवटचा धडा, शेवटची चाचणी आणि शेवटची धावपळ चालू असते. या दोन हंगामांची ओढाताण सगळ्यात जास्त कोण सोसत असेल, तर सहावी, सातवी आणि आठवीतली पोरे. ती ना लहान, ना मोठी. शेतात त्यांचे हात उपयोगी पडू लागलेले असतात आणि शाळेत त्यांची डोकी नुकती कुठे चालू लागलेली असतात. म्हणून या आठवड्याचा ओटा त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे.

सकाळची शाळा

ऊन तापू लागले की शाळा सकाळची भरू लागते. मुलांना आनंद, आईला मात्र धावपळ. सातच्या घंटेला पोर वर्गात हवे, म्हणजे चूल पहाटेच पेटायला हवी. आयाबायांना एकच विनंती, पोराला उपाशी पोटी धाडू नका. रात्रीची भाकरी आणि कपभर दूध, नाहीतर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, एवढे पोटात असले तरी पुरे. परिपाठाला उभे असताना चक्कर येऊन बसणारी मुले बहुधा न खाता आलेली असतात.

शाळेत पोषण आहार मिळतो, तो आठवीपर्यंतच्या मुलांना. सहावी ते आठवीच्या मुलामागे रोजचे १५० ग्रॅम धान्य धरलेले असते आणि त्या जेवणातून ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा हिशेब आहे. वाढत्या अंगाच्या मुलामुलींना हे एक जेवण मोठा आधार आहे. शाळेची परसबाग असेल तर तिच्यातली मेथी, पालक, कोथिंबीर या दिवसांत आमटीत पडते. पाण्याची टंचाई असली तरी हात धुतलेले पाणी वाफ्याकडे वळवता येते. मुलांना हे एकदा दाखवले की ती घरीही करतात.

आणखी एक गोष्ट. दहा वर्षांपुढच्या मुलामुलींना शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात. ती लोहाची आहे. काही घरांत मुलीला सांगून ठेवतात की, 'गोळी खाऊ नको, उष्ण पडते.' असे करू नका. या वयात मुलीचे अंग भराभर वाढते, पाळी सुरू होते आणि रक्त कमी पडते. गोळी जेवणानंतर घेतली म्हणजे मळमळ होत नाही. पोर दमते, अभ्यासात लक्ष लागत नाही, तेव्हा दोष नेहमी आळसाचाच असतो असे नाही.

या दिवसांत शाळेत काय काय झाले

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन झाला. हा कुसुमाग्रजांचा, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म १९१२ चा. त्यांचे बालपण आपल्या पिंपळगाव बसवंतला गेले, आणि त्यांचे आडनाव ज्या शिरवाडे गावावरून आले तेही निफाड तालुक्यातच. १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेला हा माणूस आपल्याच मातीतला आहे, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे मोठे होतात.

या दिवशी नुसती भाषणे ठेवण्यापेक्षा एक चांगला उपक्रम करता येतो. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून शेतीतले शब्द गोळा करून आणायचे. कांद्याचे शब्द किती! डोंगळा, गोल्टी, चिंगळी, खाद, चाळ. द्राक्षांचे वेगळेच. ओलांडा, काडी, बगलफूट, विरळणी, खरड छाटणी, गोडी छाटणी. पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांजवळ तर वनातल्या कंदांची आणि भाज्यांची अशी नावे असतात, की गुरुजींनाही ती विचारूनच लिहावी लागतात. असे दोनशे शब्द वहीत आले की शाळेचा स्वतःचा शब्दकोश तयार होतो. ज्या आजोबांना वाटत होते की आपल्याला काही येत नाही, त्यांना नातू वही घेऊन प्रश्न विचारतो, हाही या उपक्रमाचा मोठाच लाभ.

दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये याच तारखेला आपला शोध जाहीर केला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. १९८७ पासून हा दिवस देशभर पाळतात. खेड्यातल्या शाळेला महागडी उपकरणे नसली म्हणून विज्ञान अडत नाही. घरी ठेवलेल्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती मुलांनी तपासावी. न निवडता उचललेले शंभर दाणे ओल्या बारदानावर ओळीने मांडायचे, बारदान गुंडाळून सावलीत ठेवायचे, ओल टिकवायची आणि सहा-सात दिवसांनी मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त दाणे उगवले तर बियाणे पेरणीला ठीक. त्याहून थोडे कमी भरले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते, आणि फारच कमी भरले तर दुसरे बियाणे शोधावे. मुलांनी हा निकाल घरी सांगितला की खरिपाआधीच बापाला सावध होता येते. विज्ञान म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

२० मार्चला जागतिक चिमणी दिवस. हा दिवस २०१० पासून जगभर पाळला जातो आणि तो सुरू करण्यात पुढाकार होता तो नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांचा आणि त्यांच्या 'नेचर फॉरेव्हर सोसायटी' या संस्थेचा. पूर्वी कौलारू घराच्या वळचणीला चिमणी घरटे करायची. आता सिमेंटच्या भिंतीत तिला फट सापडत नाही. आठवीच्या मुलांनी खोक्याच्या फळ्यांपासून घरटी करावीत. भोक साधारण सव्वा इंचाचे ठेवावे, म्हणजे चिमणी आत जाते, मोठे पाखरू जात नाही. आठ-दहा फूट उंचीवर, सावलीच्या बाजूला आणि मांजराचा हात पोचणार नाही असे घरटे टांगावे. शेतकऱ्याने लक्षात ठेवावे की चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिलांना अळ्या आणि किडे भरवते. तिचे घर म्हणजे आपल्या पिकाची राखण.

ज्या शाळांची सहल अजून राहिली असेल त्यांनी लांबच्या देवस्थानाची बस ठरवण्याआधी नांदूरमध्यमेश्वरचा विचार करावा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे हा पाणपसारा तयार झाला. जानेवारी २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले आणि हा मान मिळवणारी ती महाराष्ट्रातली पहिली जागा ठरली. चापडगावच्या बाजूला मनोऱ्यावरून पक्षी दिसतात. चक्रवाक, थापट्या असे उत्तरेकडून आलेले पाहुणे उन्हाळ्याच्या तोंडाशी परतू लागतात, तेव्हा उशीर करू नये. जांभळी पाणकोंबडी मात्र मुक्कामालाच असते.

कांदा वाट पाहत नाही, हे खरे

आता जरा अवघड बोलायचे आहे. मार्च महिन्यातला कोणत्याही सातवीच्या वर्गाचा हजेरीपट पाहा. रकान्यात गैरहजेरीच्या खुणा दाट होत जातात. कोणी कांदा काढायला, कोणी द्राक्षाच्या पाट्या उचलायला. मुली तर बहुतेक धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी, कारण आई मजुरीला गेलेली.

शेतकऱ्याची अडचण आम्हांला कळत नाही असे नाही. कांदा वाट पाहत नाही, अवकाळी पाऊस सांगून येत नाही आणि मजूर वेळेवर मिळत नाही. घरच्या शेतात पोराने हात लावूच नये असे कायदाही म्हणत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवशी घरच्या कामाला हातभार लावायला मोकळीक आहे. मात्र चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीवर ठेवणे हा २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वच कामांत गुन्हा आहे. आणि औषधाच्या फवारणीजवळ तर पोराला उभेही करू नये, मग ते घरचे असो की परके.

सकाळची शाळा याच दृष्टीने सोयीची आहे. शाळा दुपारच्या आतच सुटते. ऊन उतरल्यावर दोन तास पोर शेतात आले तर बिघडत नाही. पण सबंध महिना बुडाला तर? सहावी ते आठवीला वर्षात २२० दिवस शाळा भरावी असा नियम आहे. त्यातले पंचवीस दिवस गेले आणि तेही शेवटचे, तर त्या दिवसांत शिकवलेले पुन्हा कोणी शिकवत नाही.

आणि काय शिकवतात या दिवसांत? सातवीच्या गणितात समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण, बँक आणि सरळव्याज, क्षेत्रफळ, असे धडे पुस्तकाच्या उत्तरार्धात आहेत. वीस मजूर एक वावर तीन दिवसांत काढतात, मजूर बाराच मिळाले तर किती दिवस लागतील? वीस त्रिक साठ, साठाला बाराने भागले, पाच दिवस. सावकाराकडून चाळीस हजार रुपये शेकडा दोन रुपये महिन्याने घेतले, तर वर्षाचे व्याज किती? नऊ हजार सहाशे. तेच बँकेतून सात टक्क्यांनी घेतले तर? दोन हजार आठशे. फरक सहा हजार आठशे रुपयांचा. हे गणित जी पोर ओट्यावर बसून बापाला करून दाखवते, तिला त्या महिन्यात घरी बसवणे म्हणजे घरचाच दिवा फुंकणे नव्हे काय?

बागायतदारांना एक विनंती

आपल्या द्राक्षबागांत कामाला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची आदिवासी कुटुंबे येतात. भाताची कापणी झाली की ती निघतात आणि आखाजी-आषाढाच्या सुमारास परततात. त्यांच्याबरोबर मुलेही येतात. ती बागेच्या कडेला झोपडीत राहतात आणि तिकडच्या शाळेत त्यांचे नाव पटावर असते, पण पोर इकडे.

या मुलांना जवळच्या शाळेत बसण्याचा पुरता हक्क आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात तसे लिहिले आहे. वयाप्रमाणे वर्गात बसवायचे, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाकारायचा नाही. गावाहून निघतानाच आईबापांनी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घेतले तर नव्या शाळेत पोराची इयत्ता आणि पातळी लगेच कळते. मुले गावीच राहणार असतील तर त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते. तीही शाळेतच विचारावी.

बागायतदार दादा, आपण मजुरांना पाणी देता, जळण देता, कोणाला ताप आला तर गाडीवर घालून दवाखान्यात नेता. आणखी एक काम करा. त्यांची पोरे गावातल्या शाळेत नेऊन गुरुजींच्या हवाली करा. मजूर नवख्या गावात बुजतो, शाळेच्या फाटकातून आत जायला कचरतो. आपण बरोबर गेलात तर पाच मिनिटांचे काम आहे. पुढच्या वर्षी तेच कुटुंब आपल्याच बागेत येईल, हा लाभ वेगळाच.

सातवीनंतरची वाट

आता या ओट्यावरचे मुख्य बोलणे. आपल्या बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत आहे. पुढची आठवी ते दहावी दोन-चार मैलांवरच्या मोठ्या गावात. मुलगा सायकल काढतो आणि जातो. मुलीच्या बाबतीत मात्र फाल्गुन-चैत्रातच घरात कुजबुज सुरू होते. 'रस्ता आडबाजूचा आहे.' 'पोर मोठी दिसायला लागली.' 'एवढे शिकली, पुष्कळ झाले.' आणि त्यातच लग्नसराई. कोणीतरी पाहुणा स्थळ घेऊन येतो.

या कुजबुजीतली प्रत्येक गोष्ट खोटी आहे असे मी म्हणत नाही. रस्त्याची भीती खरी असते, आईचा जीव खरोखर टांगणीला लागतो. पण भीतीवर उपाय काढायचा असतो, शाळा काढून घ्यायची नसते. गावातून आठवीला जाणाऱ्या मुली किती आहेत ते आत्ताच मोजा. चार असोत की सहा, त्यांच्या आयांनी एकदा एकत्र बसावे आणि मुलींनी एकाच वेळी, एकाच वाटेने जायचे ठरवावे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. बसची वेळ शाळेशी जुळत नसेल तर सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीने मिळून आगाराला अर्ज द्यावा. तो जूनमध्ये देण्यापेक्षा एप्रिलमध्ये दिलेला बरा. निवडक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी खास बस आणि आठवीपासून सायकलही मिळते. आपला तालुका त्यात आहे का, हे पंचायत समितीत विचारावे. सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलीला बारावीपर्यंत फी नाही. राहून शिकायचे असेल तर आदिवासी मुलींसाठी आश्रमशाळा आहेत.

लग्नाचे म्हणाल, तर मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवकाकडे हे रोखण्याचे अधिकार आहेत आणि १०९८ या मोफत क्रमांकावर कोणीही, खुद्द मुलगीसुद्धा, कळवू शकते. पण कायद्याच्या धाकापेक्षा मला दुसरे सांगायचे आहे. तेरा वर्षांच्या पोरीचे अंग अजून बाळंतपणाला तयार नसते. तिला लवकर उजवून बापाची काळजी मिटत नाही. ती फक्त सासरच्या उंबऱ्यात जाऊन बसते आणि वर्षभरात दवाखान्याच्या दारात दुप्पट होऊन उभी राहते.

आजी, आपल्याशीही दोन शब्द. आपल्या वेळी शाळा नव्हती, म्हणून आपण अंगठा केला. आपल्या अंगठ्यावर कोणी काय लिहून घेतले हे आपल्यालाच ठाऊक. नातीने तसे करू नये असे वाटत असेल, तर घरात पहिला शब्द आपला पडू द्या. सून आणि लेक पुढचे पाहतील.

या जिल्ह्याला हे काही नवे नाही. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. रावसाहेब थोरात, काकासाहेब वाघ, गणपतदादा मोरे अशा माणसांनी शेतकऱ्याच्या पोरांसाठी हे काम उभे केले. आज गावोगावी 'जनता विद्यालय' अशी पाटी दिसते ती त्यांच्या कष्टांची. डोंगराकडे १९३७ मध्ये दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळ सुरू केले, तेव्हा तिकडे धड रस्ताही नव्हता. त्या माणसांनी शाळा आपल्या दारापर्यंत आणली. आता उरलेली दोन-चार मैलांची वाट आपल्या लेकींना चालू द्यायची, एवढेच आपल्याकडे राहिले आहे.

परीक्षा, शिष्यवृत्ती आणि सुटी

थोडक्यात कामाच्या गोष्टी. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास होणे गरजेचे झाले आहे. नापास झालेल्याला पुन्हा एक संधी मिळते, पण त्यातही राहिला तर तो त्याच वर्गात बसतो. तेव्हा 'आठवीपर्यंत ढकलतातच' या भरवशावर राहू नका.

आठवीत एक राष्ट्रीय परीक्षा असते, तिला शिक्षक 'एन.एम.एम.एस.' म्हणतात. ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे अशा मुलांसाठी ती आहे. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरमहा एक हजार, म्हणजे चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात. मात्र तिला बसायला सातवीत ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच टक्क्यांची सूट आहे. म्हणून सातवीची ही वार्षिक परीक्षा हलकी समजू नका. उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या नावाचे बँक खाते उन्हाळ्यातच करून ठेवा.

सुटी लागली की पुस्तक एकदम बंद होऊ नये. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळी या पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा केशव गावित गुरुजींनी वर्षाचे ३६५ दिवस चालवून दाखवली. तिथली मुले दोन्ही हातांनी लिहितात हे पाहायला लोक लांबून येतात. आपल्याला तेवढे जमले नाही तरी सुटीत रोज एक पान वाचन आणि घरखर्चाचा हिशेब मुलीच्या हाती देणे, एवढे सहज जमेल.

या आठवड्यात करायची कामे

पोराची हजेरी शाळेत जाऊन एकदा डोळ्यांनी पाहा. सातवीतली मुलगी असेल तर पुढच्या शाळेत जाऊन आठवीच्या प्रवेशाची चौकशी करा आणि तिला बरोबर न्या, म्हणजे वाट तिच्या ओळखीची होईल. एस.टी.च्या वेळेसाठी अर्ज लिहा. दुसरे कोणी लिहिणारे नसेल तर तो सातवीच्याच मुलींकडून लिहून घ्या. त्यांना अर्जलेखन शिकवलेले असते. आणि गुढीपाडव्याला दारात गुढी उभारली की गल्लीतले एखादे शाळाबाह्य पोर हाताला धरून शाळेत नेऊन त्याचे नाव पटावर घाला. पाडव्याचा मुहूर्त त्याहून चांगल्या कामाला लागणार नाही.

पुढच्या आठवड्यात दहावीचा पेपर देऊन घरी बसलेल्या मुलांनी उन्हाळ्यात काय शिकावे, त्याविषयी बोलू. तोपर्यंत मुलांना सांभाळा, उन्हाला जपा.